झाकलेलं नाव

चीननं जगाला काय दिलं, या प्रश्नाचं उत्तर शाळेत ठरलेलं असतं. कागद, छपाई, बंदुकीची दारू, होकायंत्र. चार शोध, चार गुण. इतिहासाची शिक्षिका म्हणून मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं आणि तेच लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी दिले. पण नोकरीच्या उत्तरार्धात एक पाचवं उत्तर डोक्यात घोळायला लागलं. ते कुणी लिहिलं असतं तर मी गुण दिले असते, पण नियामकांनी माझी खरडपट्टी काढली असती.

दहावीची उत्तरपत्रिका तपासायला येते तेव्हा तिच्यावर मुलाचं नाव नसतं, शाळेचं नसतं. आसन क्रमांक झाकलेला असतो आणि बारकोडचं स्टिकर असतं. ओळख पटेल असं काहीही आत लिहायला मनाई असते. तरी मुलं लिहितात. कुणी पहिल्या पानावर ‘श्री’, कुणी शेवटच्या पानावर ‘बाई, प्लीज पास करा, वडील आजारी आहेत’. कोणत्या बाई, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि कोणाचे वडील, हे बाईंना ठाऊक नसतं. दोन्ही बाजूंनी पडदा. पेपर तपासणाऱ्याला लिहिणारा कोण ते कळता कामा नये, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते की ती कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल, हे मनातही येत नाही. ती चीनमध्ये सुचली आणि हजार वर्षांपूर्वी तिथं तिची शिस्तशीर यंत्रणाही उभी राहिली. माझं पाचवं उत्तर हेच: लेखी स्पर्धा परीक्षा. होकायंत्र मी आयुष्यात एकदाही वापरलेलं नाही. परीक्षेशिवाय मात्र माझं, तुमचं, आपल्या मुलांचं पान हललेलं नाही.

त्याआधी चीनमध्येही सरकारी नोकरी वशिल्यानंच मिळत असे. वशिला हा शब्द त्यांना आवडला नसता. ते त्याला शिफारस म्हणत. स्थानिक अधिकाऱ्यानं सद्वर्तनी माणसांची नावं वर कळवायची, आणि सद्वर्तनी माणसं बहुधा मोठ्या घराण्यांतच जन्माला येत. सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्वी राजवटीनं लेखी परीक्षेची वाट पाडली आणि पुढं तांग राजवटीनं ती रुंद केली. पण तांग काळातल्या परीक्षेत नाव उघडंच असे. परीक्षेच्या आधी उमेदवार आपल्या कवितांच्या गुंडाळ्या घेऊन राजधानीतल्या बड्या लोकांचे उंबरे झिजवत, म्हणजे निकालाच्या वेळी कुणीतरी दोन शब्द टाकील. आपल्याकडं हे काम अजून चिठ्ठीवर चालतं, कविता करायची गरज पडत नाही.

हे मोडलं सोंग राजवटीनं. ९९२ साली राजवाड्यातल्या अंतिम परीक्षेत उत्तरपत्रिकेवरची नावं चिकटवून झाकायला सुरुवात झाली. तेवढ्यानं भागेना, आणि का भागेना ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. अक्षर! ‘क’ची शेपटी, ओळ संपताना वर चढायची सवय, खोडण्याची पद्धत... दोन-तीन वर्षं शिकवलेल्या पोराचं अक्षर झाकल्या नावामागूनही हाक मारतं. सोंग दरबारानं यावर जो उपाय काढला तो वाचून मी थक्क झाले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नकलनविसांचं एक स्वतंत्र खातंच उघडलं. उमेदवारानं काळ्या शाईत लिहायचं. मग कारकुनांनी प्रत्येक उत्तरपत्रिका पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून काढायची; पुढच्या काळात ही नक्कल लाल शाईत होऊ लागली. दुसऱ्या तुकडीनं मूळ आणि नक्कल ताडून पाहायची. परीक्षकाच्या हाती पडायची ती फक्त नक्कल. स्वस्त कागद हाताशी नसता तर असली उधळपट्टी कुणाला सुचलीही नसती, तेव्हा पुस्तकातल्या चार उत्तरांपैकी पहिलं इथं उपयोगी पडलंच.

या पडद्याचा सगळ्यात गमतीदार किस्सा १०५७ सालचा आहे. मुख्य परीक्षक होते ओउयांग शिऊ, त्या काळातले सर्वांत मोठे गद्यलेखक. एक निबंध वाचून ते इतके खूश झाले की पहिला क्रमांक द्यावा असं त्यांच्या मनात आलं. मग शंका आली, की इतकं चांगलं लिहिणारा आपलाच शिष्य त्सेंग गोंग असणार. पहिला नंबर दिला तर लोक पक्षपात म्हणतील. म्हणून त्यांनी तो निबंध दुसरा काढला. नाव उघडलं तेव्हा तो निघाला सू शी नावाच्या विशीतल्या मुलाचा, सिचुआनहून आलेला, राजधानीत फारसं कुणी न ओळखणारा. पुढं तो चीनच्या सर्वश्रेष्ठ कवींमध्ये गणला गेला. नाव झाकलं होतं म्हणून त्याचा पहिला नंबर हुकला. पण नाव झाकलं होतं म्हणूनच तो तिथवर पोचला होता.

त्याच निबंधात सू शीनं प्राचीन राजा याओची एक गोष्ट दिली होती. न्यायमंत्री तीनदा म्हणाला, ‘मारा’, आणि राजा तीनदा म्हणाला, ‘सोडा’. परीक्षकांना ही गोष्ट कुठल्या ग्रंथातली ते आठवेना. पुढं भेट झाल्यावर त्याला विचारलं, तर पठ्ठ्या म्हणाला की असंच घडलं असणार असं मला वाटलं. म्हणजे दिलं ठोकून! आमच्याकडं ‘टिळक म्हणतात’ असं लिहून स्वतःचं वाक्य अवतरणचिन्हात घालणारी मुलं दर वर्षी भेटत. त्यांच्यात एखादा सू शी असेलही, पण मी सरसकट अर्धा गुण कापत आले.

सोंग काळात ही एक दरबारी व्यवस्था होती. मिंग आणि छिंग काळात तिचा अवाढव्य कारखाना झाला. पायऱ्या साधारण आपल्या ओळखीच्याच: आधी जिल्ह्याच्या पातळीवर, मग दर तीन वर्षांनी प्रांताची परीक्षा, मग राजधानीची, आणि शेवटी राजवाड्यात खुद्द बादशहासमोर. यातली प्रांताची परीक्षा खरी चाळण. नानजिंगला छिनह्वाय नदीकाठी तिचं मोठं केंद्र होतं. एकोणिसाव्या शतकात तिथं २०,६४४ खोल्या होत्या. खोल्या म्हणायचं आपलं. तीन बाजूंना भिंती, वर कौलं, समोर दार नाहीच. रुंदी जेमतेम तीन-चार फूट. भिंतींत दोन उंचींवर खाचा आणि दोन फळ्या. दिवसा एक फळी बसायला, दुसरी लिहायला. रात्री दोन्ही एका पातळीला सरकवायच्या आणि पाय पोटाशी घेऊन झोपायचं. ओळींना क्रमांक नसत. मुलं जो हजार अक्षरांचा पाठ म्हणून अक्षरओळख करत, ज्यात एकही अक्षर पुन्हा येत नाही, त्यातली अक्षरं ओळींना दिलेली होती. लहानपणी जे घोकलं, त्यातल्याच एका अक्षराखाली चाळिशीत जाऊन बसायचं.

तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन रात्री आत. तांदूळ, पातेलं, कोळसा, मेणबत्त्या, अंथरूण, पावसासाठी तेल लावलेला पडदा, सगळं आपलं आपण न्यायचं. ओळीच्या टोकाला संडास. त्याच्या शेजारची खोली नशिबी आली की अर्धी परीक्षा तिथंच बुडाली असं लोक धरून चालत. परीक्षा चिनी आठव्या महिन्यात असे आणि तिसरी फेरी नेमकी पौर्णिमेला येई, म्हणजे त्यांच्या मध्य-शरद उत्सवाच्या दिवशी. घरोघरी लोक अंगणात बसून चंद्र पाहत, आणि वीस हजार पुरुष आपापल्या खोपट्यात मेणबत्तीची काजळी झाडत. कुणी आजारी पडे, कुणाला वेड लागे, कुणी मरे. फेरी संपेपर्यंत मोठा दरवाजा मात्र उघडत नसे.

आणि कॉपी? ती परीक्षेइतकीच जुनी. अंगाला लागून घालायच्या बंडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत आख्खे निबंध लिहिलेले नमुने आजही संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. म्हणून छिंग काळात नियम निघाले की कपडे एकपदरी हवेत आणि जोड्यांचे तळवे पातळ हवेत. दारावर झडती, खायला आणलेले पावसुद्धा फोडून बघायचे. आमच्या भरारी पथकाला एवढा उत्साह कधी नव्हता. पण एका बाबतीत त्यांचा धाक आपल्या कल्पनेपलीकडचा होता. १८५८ साली बीजिंगच्या परीक्षेत घोटाळा निघाला. मुख्य परीक्षक होता बोजुन, दरबारातला अत्यंत वरच्या दर्जाचा मंत्री. १८५९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पेपरफुटीच्या बातम्या वाचताना मला हा बोजुन हटकून आठवतो. शिरच्छेदाच्या बाजूची मी नाही. पण फुटलेल्या पेपरापायी वर्ष बुडालेल्या मुलांना पुढची तारीख आणि दिलगिरी, हाही काही न्याय नव्हे.

आता माझा खरा मुद्दा. परीक्षा सगळ्यांत हुशार माणूस निवडते असं मला तिची इतकी वर्षं चाकरी करूनही वाटत नाही. ती चांगलं पाठांतर, टापटीप आणि चिकाटी निवडते, आणि त्यात हुशारी असली तर असली. तिचं मोठं काम निराळंच आहे. ती न निवडलेल्यांना गप्प बसवते. शिफारशीनं डावललेला माणूस राजाला शिव्या देतो. झाकल्या नावानं नापास झालेला माणूस कपाळाला हात लावतो, पुन्हा पुस्तक उघडतो. चिनी बादशहांना हे गणित बरोबर कळलं होतं. हजारातल्या एखाद्याला टोपी दिली की उरलेले नऊशे नव्याण्णव पुढच्या खेपेच्या तयारीत म्हातारे होतात, बंड करत नाहीत.

शानदोंगचा पू सोंगलिंग हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नापास. जन्म १६४०. एकोणिसाव्या वर्षी खालची परीक्षा पहिल्या नंबरानं पास झाला, सगळीकडं वाहवा झाली आणि प्रांताच्या परीक्षेत मरेपर्यंत अडकला. भुताखेतांच्या, कोल्हिणीच्या बाया होण्याच्या त्याच्या कथा आज साऱ्या चीनला पाठ आहेत. पण पोटासाठी तो एका श्रीमंत घरी मुलांना शिकवत राहिला. १६८७ साली लिहिण्याच्या भरात त्याच्याकडून एक पान कोरं सुटलं आणि तेवढ्यासाठी त्याला बाद केलं. मी मुलांना घसा फोडून सांगायची, ‘मध्ये कोरं पान सोडू नका रे.’ पण बाद करायची वेळ आमच्यावर कधी आली नाही, आम्ही पान उलटून पुढं तपासायचो.

परीक्षार्थीची किती रूपं होतात ते पू सोंगलिंगनं एका कथेच्या शेवटी मोजून ठेवलंय: आत शिरताना अनवाणी भिकारी, हजेरीच्या वेळी कैदी, खोपट्यात बसल्यावर भोकातून डोकं काढणारी थंडीतली मधमाशी, निकालाची वाट बघताना बांधलेलं माकड. हे नुसत्या कल्पनेनं लिहिता येत नाही. बायकोवर त्यानं एक आठवणलेख लिहिला. पन्नाशी उलटल्यावर ती त्याला म्हणाली होती की आता पुरे; नशिबात असतं तर एव्हाना मंत्री झाला असतात. डोंगर-रानातही सुख असतं, कचेरीत लोकांना फटके मारतानाचा आवाज ऐकल्यावरच ते मिळतं असं कुठाय? बाईला परीक्षेला बसायची मुभा नव्हती, कुठल्याच बाईला नव्हती. पण त्या घरातलं शहाणपणाचं बोलणं तीच बोलली. सत्तरी ओलांडल्यावर त्याला ज्येष्ठतेनं एक मानाची पदवी मिळाली. १७१५ मध्ये तो गेला.

सगळेच असे गप्प बसले नाहीत. ग्वांगझोउजवळचा हुंग शिउच्युआन वारंवार नापास झाला. १८३७ साली एका अपयशानंतर तो आजारी पडला, त्याला दृष्टान्त झाले. आधीच हाती आलेलं ख्रिस्ती धर्माचं एक पुस्तक पुढं वाचून आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत याची त्याला खात्री पटली. त्यातून तायपिंग बंड उभं राहिलं. १८५० ते १८६४ या काळात त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असा अंदाज आहे. १८५३ साली त्याच्या फौजांनी नानजिंग घेतलं आणि तिथं राजधानी केली. आणि मग या चौदा वर्षं जाळपोळ करणाऱ्या राज्यानं काय केलं? स्वतःच्या परीक्षा घेतल्या. विषय त्यांच्या धर्माचे, पद्धत तीच. परीक्षेनं पोळलेल्या माणसालाही राज्य चालवायला दुसरा मार्ग सुचला नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या वाटेनं. कँटनच्या बंदरात कंपनीची आणि ब्रिटिशांची माणसं वर्षानुवर्षं हा सोहळा बघत होती. तिथला दुभाषी थॉमस टेलर मेडोज यानं १८४७ सालीच लिहून टाकलं की चीनचं साम्राज्य एवढं टिकलं त्याचं कारण गुणवान माणसांना वर काढणारी ही पद्धत, आणि ब्रिटननं ती उचलावी. तोवर कंपनीच्या नोकऱ्या संचालकांच्या मर्जीनं, भाचे-पुतण्यांत वाटल्या जात. १८५३ च्या सनदी कायद्यानं ते बंद केलं आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. मधल्या काळात पार्लमेंटात चर्चा रंगली, त्यात चीनचं नाव बाजूनं आणि विरोधात, दोन्हीकडून आलं. लॉर्ड ग्रॅनव्हिल यांचं म्हणणं असं की मूठभर मांचूंनी, म्हणजे छिंग राजवटीच्या परक्या राज्यकर्त्यांनी, एवढा देश दोनशे वर्षं सांभाळला तो याच युक्तीनं. मूठभरांनी अफाट देश सांभाळणं, हा विषय त्या सभागृहाला परका नव्हताच.

युक्ती घेतली, पण पडदा अर्धाच ओढला. नाव झाकलं तरी परीक्षा लंडनला, म्हणजे बोटीचं भाडं परवडणाऱ्यांपुरती. १८७८ पासून वयाची अट २१ वरून १९ वर आणली. दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घ्या, ही दादाभाईंची मागणी कॉमन्स सभागृहानं १८९३ साली ठराव करून मान्य केली आणि प्रत्यक्षात यायला १९२२ उजाडलं. या चाळणीतून पहिले हिंदी म्हणून १८६३ मध्ये पार झालेले सत्येंद्रनाथ टागोर नोकरीला आले ते आपल्या मुंबई इलाख्यात. निवृत्त झाले तेव्हा साताऱ्याला न्यायाधीश होते. वाटेत मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १९१८ साली महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख त्या परीक्षेत पहिले आले. आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी हे नाव एवढ्या वेळा वर्गात घेतलं की त्या वर्षी दुसरा, तिसरा आणि नापास कोण झाले, असं एकाही मुलानं कधी विचारलं नाही.

त्या नापासांचं गाव आता पुण्याच्या पेठांत आहे. कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा डबा, अभ्यासिकेत प्लायवूडनं विभागलेली एका माणसाची जागा. या जागेची रुंदी मी एकदा नजरेनं मापली आहे आणि नानजिंगचं माप आठवून गप्प बसले आहे. निकाल लागेपर्यंत नाव झाकलेलं. निकाल लागला की तेच नाव चौकातल्या फ्लेक्सवर, फेट्यासकट. चीनमध्येही तसंच होतं. बीजिंगच्या कन्फ्यूशियस मंदिरात १९८ शिळा आहेत, त्यांवर अंतिम परीक्षा पास झालेल्यांची ५१,६२४ नावं कोरलेली आहेत. पू सोंगलिंगचं नाव अर्थातच त्यांत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी बरीच वर्षं राज्यसेवेच्या पूर्व-मुख्य-मुलाखतीच्या फेऱ्यांत घालवून आता स्वतःच अभ्यासिका चालवतो. परीक्षा बंदच करायला हव्यात, हे त्याचं ठाम मत. मी त्याला म्हटलं, चीननं ते दोनदा करून पाहिलंय. १९०५ साली दरबारानं एका फर्मानानं ही तेराशे वर्षांची पद्धत मोडली. पुढं माओच्या काळात, १९६६ मध्ये, विद्यापीठांची प्रवेश परीक्षाही बंद केली आणि १९७० नंतर कामगार, शेतकरी, सैनिक यांना वरच्यांच्या शिफारशीवर प्रवेश मिळू लागला. पुन्हा शिफारस! १९७३ साली लियाओनिंगमधल्या एका तरुणानं चाचणीची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी ठेवली आणि मागं पत्र लिहिलं की मी शेतात राबत होतो, अभ्यासाला वेळ कुठला. त्याला देशाचा नायक केलं. मग १९७७ च्या डिसेंबरात परीक्षा परत आली. दहा वर्षांचा तुंबलेला लोंढा एकदम आला. सोळाची पोरं आणि तिशीचे बाप एकाच बाकावर. एवढ्या प्रश्नपत्रिका छापायला कागद कमी पडला, तेव्हा माओच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडासाठी राखलेला कागद त्यासाठी वळवला. कारखान्यांतून, खेड्यांतून आलेली ती माणसं परीक्षा आहे म्हणून रडली नाहीत रे, परत आली म्हणून रडली. ५७ लाख बसले, त्यातल्या २ लाख ७३ हजारांना प्रवेश मिळाला.

तो सगळं शांतपणे ऐकत होता. आकडे आल्यावर सवयीनं त्याचे ओठ हलले.

“जवळजवळ पाच टक्के,” तो म्हणाला. “आमच्याकडं एक टक्कासुद्धा लागत नाही, बाई. ह्यांना रडायला काय झालं?”